गावाकडून येणारा भाचा

सिडको, शुक्रवार

प्रिय शिवराज,

एकाच घरात राहून बापानं पोराला पत्र लिहावं, हे बघूनच तू हसशील. हस. समोर बसून बोलायला गेलो तर तुझं निम्मं लक्ष फोनमध्ये असतं आणि उरलेलं निम्मं मी कधी संपवतो याच्याकडं. त्यात माझा आवाज चढला की तू बीपीची आठवण करून देतोस आणि विषय गोळीवर जातो. म्हणून हे कागद तुझ्या लॅपटॉपखाली ठेवून मी लासूर स्टेशनला बद्रीनाथकाकाकडं निघालोय. रविवारी दुपारी परत येईन. तुझा कार्यक्रम रविवारी संध्याकाळी आहे, ते ठाऊक आहे मला. फ्रिजवर, बाथरूमच्या दारावर, अगदी माझ्या औषधाच्या डब्यावरसुद्धा तू त्याचं स्टिकर चिकटवलंयस, विसरायची सोयच ठेवली नाहीस. तर आधी मुद्द्याचं. स्टेजवर माझी खुर्ची ठेवू नकोस. 'राजकुमार हिवराळे यांचे सर्वांत जुने चाहते' म्हणून तू पत्रिकेत जो सत्कार छापलायस, तो मी घेणार नाही. शाल दुसऱ्या कुणाला तरी घाल. का घेणार नाही ते सांगायला जरा वेळ लागेल, तेव्हा चहा करून घे आणि बस.

तुझी पत्रिका बघितली. गुळगुळीत कागद, सोनेरी अक्षरं, आणि राजकुमारचा फोटो उलटा छापलाय. माणूस जन्मभर उजव्या हातानं वाजवत आला, तुमच्या फ्लेक्सवाल्यानं त्याला मेल्यावर डावखुरा केला. कुणाच्या लक्षातही आलं नाही, कारण तुमच्यापैकी एकानंही त्याला वाजवताना धड बघितलेलं नाही. चौकात सेल्फी काढायला सहा फुटांची थर्माकोलची गिटार उभी केलीय, तिला तारा पाचच. मी मोजल्या. सहावी काय गल्लीतल्या शेळीनं खाल्ली? आणि दीपप्रज्वलन कोण करणार, तर ज्यानं वीस वर्षांपूर्वी स्वतःच्या मंडळाच्या गणपतीत राजकुमारचं वाजवणं ऐन रंगात असताना माइक बंद करून आरती सुरू केली होती, तेच साहेब. 'मराठवाड्याचा गिटारसम्राट' ही राजकुमारची पदवी त्यांच्याच फोटोखाली छापलीय. सम्राट! तो जिवंत असताना या शहरानं त्याला साधं गिटारवाला म्हणूनही कधी खुर्ची दिली नाही. लग्नात वाजवायला बोलवायचे आणि जेवायला मांडवामागं बसवायचे. आता मेल्यावर वर्ष झालं तर सगळ्यांना त्याचा पुळका आलाय. मेलेला कलाकार लई सोयीचा असतो रे, तो काही मागत नाही.

मी त्याला पहिल्यांदा ऐकलं ते एक्याऐंशी साली. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो, औरंगपुऱ्यात चुलत्याकडं राहायचो. कॉलेजचं गॅदरिंग, भर दुपार, मांडवात दोनशे पोरं, भुईमुगाच्या शेंगा आणि शिट्ट्या. नाचांना साथ करायला बाहेरून ऑर्केस्ट्रा आणला होता, त्यात कडेला एक हडकुळा पोरगा मांडीवर गिटार घेऊन बसलेला. मध्येच पडदा अडकला. तो सुटेपर्यंत काहीतरी वाजव म्हणून कुणीतरी त्याला पुढं ढकललं. त्यानं खिशातून औषधाची छोटी काचेची बाटली काढली, करंगळीत अडकवली आणि तारेवरून सरकवली. माणूस रडू आवरून बोलायला जातो आणि त्याचा आवाज घसरतो ना, तसा सूर आला. माझ्या हातातल्या शेंगा खाली पडल्या. पोरं ओरडायला लागली, सिनेमाचं गाणं वाजव, हे काय रडगाणं लावलंय. मग टरफलं उडाली. तो थांबला नाही. होतं ते पुरं वाजवलं, गिटारीवरची टरफलं झटकली, नमस्कार केला आणि जागेवर जाऊन बसला. मी टरफलं फेकली नाहीत, एवढंच. फेकणाऱ्यांना गप्प करायला मी काही उठलो नाही, हे आजवर तुला सांगताना मी नेहमी गाळत आलोय.

आठवडाभरात त्याचा पत्ता काढला. उस्मानपुऱ्यात पिठाच्या गिरणीमागं त्यांच्या दोन भाड्याच्या खोल्या होत्या. त्याचे वडील स्टेशनजवळच्या लॉजवर कामाला होते. वेरूळ-अजिंठा बघायला आलेला कुणी गोरा पाहुणा जाताना एक तडकलेली गिटार आणि दोन कॅसेटी तिथंच टाकून गेला होता. वडिलांनी त्या उचलून घरी आणल्या आणि पोरगा त्या घासून घासून ब्लूज शिकला, अमेरिकेतल्या काळ्या मजुरांचं गाणं. शिकवायला कुणी नाही, पुस्तक नाही, तार तुटली की दुसरी मिळत नाही. इंग्रजी तरी कळतं का म्हणून मी एकदा विचारलं. तो म्हणाला, निम्मं कळतं. पण गाणारा पहाटेपासून राबतोय, मुकादम हरामखोर आहे आणि बायको रुसून माहेरी गेलीय, हे सगळं आमच्या गल्लीतच आहे, त्याला डिक्शनरी कशाला लागते? मी दर रविवारी सकाळी सायकल काढायचो आणि चुलत्याला लायब्ररीत जातो म्हणून सांगायचो. ते नामांतराचे दिवस होते. उस्मानपुऱ्यात हिवराळ्यांच्या घरी जातो असं सांगितलं असतं तर चुलत्यानं सायकल काढून घेतली असती. तिथं गेलं की त्याची बहीण रूपा चहा आणायची आणि मी तो प्यायचो. त्या चहाचा मला काय अभिमान होता म्हणून सांगू! कपातला चहा घशाखाली उतरवला म्हणजे जणू मी फार मोठी क्रांती केली. परत येताना छाती फुगवून सायकल मारायचो आणि घरात शिरायच्या आधी तोंड धुवायचो.

ही रूपा मोठी टारगट होती. एका श्रावणात माझं मनगट रिकामं बघून तिनं विचारलं, तुम्हाला बहीण नाही व्हय? नाही म्हणालो. आम्ही दोघं भाऊच, मी आणि बद्रीनाथ. आमच्यात हे राखी-बिखी नसतं म्हणाली, आणि राजकुमारची तुटलेली बारीक तार उचलून माझ्या मनगटाला दोन वेढे घालून पीळ दिला. मनगटावर ओरखडा उठला. राजकुमार खो खो हसला आणि म्हणाला, आता झालास तू आमचा. मीही हसलो. औरंगपुऱ्याच्या कोपऱ्यावर तार सोडून खिशात टाकली.

पुढं त्याला पैठण रोडला चितेगावच्या एका कंपनीत लेथवर नोकरी लागली. औषधाची बाटली एव्हाना फुटली होती. मग त्यानं कंपनीतल्या भंगारातलं स्टीलचं नळकांडं घेतलं, कामगार त्याला बुश म्हणतात, आणि डबा खायच्या सुट्टीत लेथवर स्वतःच्या करंगळीच्या मापाचं कातून घेतलं. आतून असं गुळगुळीत, की बोटात घातलं की गारवा लागायचा. त्या बुशानं त्याचा सूर बदलला. काचेचा सूर किनरा होता, हा भरीव झाला. जयंतीच्या स्टेजवर तो भीमगीतांच्या मध्ये दहा मिनिटं एकटा वाजवायचा. समोर बसलेल्या म्हाताऱ्या बायांना ब्लूज म्हणजे काय हे कुणी सांगायला लागलं नाही, त्या डोळ्याला पदर लावून ऐकायच्या. अडचण व्हायची ती शिकलेल्यांची. फॉरेनच्या पाहुण्यांसाठी त्याला एका मोठ्या हॉटेलात ठेवला होता. मॅनेजर म्हणाला, जेवताना लोकांना त्रास होतो, गझल वाजवा. आणि आपल्या शहरातले ते रसिक! त्यांना गझल कळते, ठुमरी कळते, कव्वालीत कुठं वाहवा करायची ते कळतं, पण आपल्याच गावचा पोरगा समोर काळीज काढून ठेवतोय ते कळत नाही. ते कळायला मुंबईच्या मासिकात छापून यायला लागतं.

मुंबईचं आठवलं म्हणून सांगतो. ब्याण्णव-त्र्याण्णवच्या सुमाराला कॅसेट काढणारा एक माणूस तिकडून आला होता. तीन दिवस राहिला, वाजवणं ऐकून खूश झाला, कागदसुद्धा तयार केले. फक्त एक म्हणाला, कॅसेटवर आडनाव नको, नुसतं राजकुमार छापू. हिवराळे म्हटलं की कळतं ना लोकांना, उगाच कशाला. राजकुमारनं कागद परत दिले. लोकांना काही कळत असेल तर कळू दे, म्हणाला, आणि सोमवारी सकाळच्या पाळीला कंपनीत गेला. पण मी पेटलो होतो! महिनाभर जो भेटेल त्याला पकडून त्या मुंबईवाल्याच्या नावानं शिव्या घालत होतो. आडनाव बघून गाणं ऐकणारा माणूस नव्हेच, तो बहिरा आहे, असं मी ऑफिसात टेबलावर हात आपटून बोललो होतो. पाटबंधारे खात्यातले सगळे कारकून गप्प बसून ऐकत होते. माझं मलाच फार थोर वाटलं होतं.

आता तुझ्या रीलविषयी. बघितला मी. बद्रीनाथकाकानं पाठवला, त्याला त्याच्या नातीनं, म्हणजे तो गावभर फिरलाय. त्यात तू काचेच्या पेटीतला तो बुश हातात धरून सांगतोस, की तू नऊ वर्षांचा असताना एका रविवारी सकाळी हिवराळे सर आपल्या घरी आले, आईनं पोहे केले, तू पेनाचं टोपण बोटात घालून सायकलच्या तारेवर सरकवत होतास ते बघून त्यांनी स्वतःचा बुश काढून तुझ्या हातावर ठेवला. शेवटी तू म्हणतोस, असे आमचे घरोब्याचे संबंध होते. मागं बासरी वाजते. गोष्ट चांगली सांगतोस, तो गुण तुला माझ्याकडून आला. त्यात खोटं असं काही नाही. फक्त तो माणूस त्या दिवशी आपल्या घरी कशाला आला होता, ते तुला माहीत नाही. बुश द्यायला कुणी सिडकोपर्यंत येत नाही, बाळा.

दोन हजार सहाचा जून होता. उस्मानपुऱ्यातली जागा मालकानं कॉम्प्लेक्स बांधायला काढली होती. प्रेरणाला, त्याच्या पोरीला, इकडं सिडकोतल्या कॉलेजात अकरावीला प्रवेश मिळाला होता. आपला वरचा मजला रिकामा होता, नवीन रंग दिलेला. आणि हे मीच त्याला सांगितलं होतं. एका कार्यक्रमानंतर मोठ्या तोऱ्यात म्हणालो होतो, वरच्या दोन खोल्या तयार झाल्या, आता चांगलं माणूस बघतोय. त्याला वाटलं, मित्र आपणहून सुचवतोय. तो प्रेरणाला सोबत घेऊन आला. पोहे खाल्ले, तुझं टोपण बघून हसला, तुला बुश दिला. मग सरळ विचारलं, की साहेबराव, वरच्या खोल्या आम्हाला देतोस का. आणि मी, शिवराज, त्या मुंबईवाल्याला बहिरा म्हणणारा मी, घास गिळून म्हणालो, दिल्या असत्या रे, पण गावाकडून भाचा यायचाय शिकायला, त्याच्यासाठी ठेवल्यात.

विचार करून बोललो असतो तर निदान त्याची लाज तरी वाटली असती. शेजारचे काय म्हणतील, पाहुणेरावळे आले तर कुठं बसतील, गावात बद्रीनाथला काय ऐकावं लागेल, हे सगळं मी नंतर रचलं. तेव्हा नुसतं तोंडातून निघालं, जसं आमच्या आळीत पिढ्यान्‌पिढ्या निघत आलंय. राजकुमारनं माझ्याकडं बघितलं. लगेच म्हणाला, चालतंय की, पोराच्या शिक्षणाचं आधी. पाणी प्यायला आणि उठला. आणि मागाहून मी काय केलं, तर सगळं तुझ्या आईवर ढकललं. कुणी विचारलं तर सांगायचो, मला काही नाही हो, पण आमच्या घरात ही जरा जुन्या वळणाची आहे. तू तेच ऐकत मोठा झालास. मित्रांना तूही सांगतोस, आई जुन्या वळणाची होती म्हणून. तर ऐक आता. तो पोहे खात होता तेव्हा तुझी आई वर खोल्या झाडत होती. तिनं न सांगता ओळखलं होतं तो कशाला आलाय. माझं वाक्य पडलं तेव्हा ती जिन्याच्या शेवटच्या पायरीवर होती, एका हातात झाडू आणि दुसऱ्या हातात खोल्यांची किल्ली. ती आत गेली, किल्ली खिळ्याला लावली. त्या दिवसापासून महिनाभर तिनं माझं ताट वाढलं, पण बोलली नाही. मेली तेव्हाही माझं खोटं स्वतःच्या नावावर घेऊन गेली बिचारी. आजपासून ते तिच्या नावावरून काढ. तिच्यात काहीही जुनं नव्हतं, तिची लुगडी सोडली तर.

तुला वाटेल की त्यानंतर मी तोंड लपवलं असेल. छे! मी कार्यक्रमांना जातच राहिलो. चाहता ना मी, सर्वांत जुना! आणि राजकुमार भेटला की खांद्यावर हात ठेवून पहिल्यासारखा बोलायचा. फक्त दर वेळी एक विचारायचा, भाचा कसा आहे? काय करणार, मी भाचा वाढवला. बारावीला पंच्याऐंशी टक्के पाडले त्याला. इंजिनिअरिंगला घातला. मग पुण्याला नोकरी लावली. एकदा तर त्याला कावीळ झाली होती, तेव्हा राजकुमारनं मला चिंचोलीच्या कुठल्या वैद्याचा पत्ता लिहून दिला. मागच्या पाच-सहा वर्षांत त्याचं लग्नही उरकलं, लग्नाला तुला बोलवायचं राहूनच गेलं म्हणालो. त्याला एकदाही वाटलं नाही की हा खोटं बोलतोय, म्हणून मी मनात सुटकेचा श्वास सोडायचो. राजकुमार भोळा आहे, असं मला वाटायचं. एका अख्ख्या शहराला मी मघापासून मूर्ख म्हणतोय ना, तर त्या यादीत पहिलं नाव कुणाचं घालायचं ते बघ.

गेल्या वर्षी तो गेला. तिसऱ्या दिवशी मी भेटायला गेलो, तू गाडी बाहेर लावून फोनवर बोलत होतास. आत नांदेडहून रूपा आली होती, केस पांढरे, पण तीच टारगट नजर. मला बघितलं आणि जमलेल्या बायकांना म्हणाली, हा माझा भाऊ, गिटारीच्या तारेचा. याला बहीण नव्हती ना, म्हणून मी बांधली होती. मला बहीण नाही. हे त्या घरात सगळ्यांना माहीत होतं, त्या श्रावणापासून माहीत होतं. ज्याला बहीणच नाही त्याला भाचा कुठला? म्हणजे राजकुमारला माझं खोटं पहिल्याच क्षणी कळलं होतं, पाण्याचा पेला हातात होता तेव्हाच. आणि तेवढ्यात रूपाच्या मागून एक चाळिशीचा उंच माणूस पुढं आला, तिचा मुलगा, नागपूरला असतो. तो वाकून माझ्या पाया पडला आणि म्हणाला, मामा. जन्मात मला कुणी मामा म्हणालं ते तेव्हा पहिल्यांदा. मी बाहेर येऊन गाडीत बसलो आणि तू विचारलंस, बाबा, इतकं रडताय? मी म्हणालो, मित्र होता रे.

इथपर्यंतचं सगळं मी पोटात ठेवून मेलो असतो, खरं सांगतो. शाल घेतली असती, खुर्चीवर बसलो असतो, त्या दुपारच्या टरफलांची गोष्ट सांगून टाळ्याही घेतल्या असत्या. पण मंगळवारी सकाळी माझ्या फोनवर एका मुलीचा फोन आला. गेटवर 'खोल्या भाड्याने देणे आहे' ही पाटी तू लावलीयस, नंबर माझा टाकलायस. खोल्यांचं तू बघतोस म्हणून मी फोन तुझ्या हातात दिला. हिंगोलीकडची पोर, इथल्या एका दवाखान्यात लॅबमध्ये नोकरी लागलेली. तू नाव विचारलंस. ती म्हणाली, सोनिया. तू म्हणालास, पूर्ण नाव? तिनं सांगितलं. तू जरा थांबलास, आणि मग अगदी गोड आवाजात म्हणालास, सॉरी ताई, गावाकडून भाचा यायचाय, त्याच्यासाठी ठेवल्यात. माझा फोन मला परत दिलास आणि तुझ्या फोनवरून फ्लेक्सवाल्याला झापायला लागलास, की हिवराळे सरांचं नाव अजून मोठं पाहिजे, आडनावासकट. तुला तरी कुठं बहीण आहे, शिवराज? तू एकुलता एक. हे वाक्य तू शोधलेलं नाहीस. नऊ वर्षांचा होतास, बुश बोटात घालून दारात उभा होतास, तेव्हा कान उघडे ठेवून उचललंस. तुझ्या आईनं तुला शिकवलेलं सगळं तू विसरलास आणि माझं हे एक वाक्य तेवढं जसंच्या तसं जपलंस. त्या पोरीविषयी तुझ्या डोक्यात काही वाईट नव्हतं, हे मला माहीत आहे. माझ्याही नव्हतं. बुधवारी मी तुझ्या काचेच्या पेटीतून तो बुश काढला आणि प्रेरणाला नेऊन दिला, सगळं सांगितलं. ती म्हणाली, बाबा घरी येऊन भाच्याची बातमी आम्हाला सांगायचे, बारावी झाला, नोकरी लागली, आणि आम्ही हसायचो. हे सांगताना ती हसली नाही. बुश तिनं मुठीत धरला. त्या घरातून मी चहा न घेता उठलो, चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदा, कारण चहा विचारलाच नाही, आणि ते बरोबर होतं. काल सोनियाला फोन केला. म्हणालो, पोरी, आमच्याकडं कुणी भाचा नाही, खोल्या रिकाम्या आहेत. ती म्हणाली, विचार करून शनिवारी कळवते, काका. नाही म्हणाली तर तो तिचा हक्क आहे. म्हणून मी फोन घरीच ठेवून चाललोय, या कागदांशेजारीच आहे, चार्जिंग पूर्ण केलंय. खोल्यांची किल्ली आईनं लावली होती त्याच खिळ्याला आहे. शनिवारी फोन वाजला की तूच उचल. नाव पुढं कसं आहे ते विचारू नकोस, सामान कधी आणताय तेवढं विचार. रविवारी मी येईन, मागं स्पीकरच्या खोक्याजवळ उभा राहून ऐकेन, जिथं कायम उभा राहायचो. स्टेजवर माझी खुर्ची दिसली तर हे पत्र मी तिथंच माइकवर वाचेन.

तुझाच, आणि तू माझाच, हीच तर पंचाईत आहे,

बाबा
(साहेबराव)